ताण: नाही

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी एक गिर्यारोहक आणि त्याची बायको, पुढच्या मोहिमेआधीच्या मानसिक तपासणीचा फॉर्म भरत होते.

“‘सोबत्यांशी भांडण?’ नाही.”

“अहो, मागच्या मोहिमेत त्या स्वयंपाक्याशी महिनाभर बोलला नाहीत!”

“भांडलो कुठे? चिठ्ठ्या लिहायचो.”

“एकाच तंबूत?”

“चहाचे भुरके मारायचा गं तो. बाहेर बर्फ, आत भुरके. माणसानं जायचं कुठे?”

“आणि आता फ्रिजवर मला चिठ्ठ्या. काल काय, तर ‘चपला फरफटवू नयेत.’ खाली सही, मोहीमप्रमुख!”

“सवय गं. बरं, ‘ताण?’ इथे ‘हो’ लिहिलं तर मोहीम गेलीच.”

“मग लिहूच नका. ते पेन द्या इकडे. आत चला, आणि डॉक्टरांना तोंडानं सांगा.”