नाथाची चाल आणि आलेला फोन

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, मूर्ती कारखानदार बंधूंनो आणि कामे टाकून आलेल्या माझ्या भगिनींनो,

मला भाषणाची सवय नाही. सकाळी मंडपाच्या दारातून दोनदा परत फिरलो. पण त्याचे कारण नुसते भाषण नव्हे.

आज नाथाचा सत्कार. सत्त्याहत्तर सालापासून एकोणीस वर्षे त्याने माझ्या कारखान्यातल्या ओल्या मूर्ती उचलल्या, एकीलाही तडा गेला नाही. गुडघे किंचित वाकवून तो असा चालतो, की हातातल्या वाटीतले पाणी हिंदकळू नये.

गेल्या माघात आपल्या आळीत सिनेमाचे शूटिंग झाले, आठवते ना? कॅमेरा अंगाला पट्ट्यांनी बांधायचे ते स्प्रिंगचे यंत्र. ते घालणारा माणूस आमच्या पायऱ्यांवर पाय मुरगळून बसला. यंत्र हिसके गिळते, पण पाय माणसाचेच लागतात. नाथा म्हणाला, "मी नेतो." सगळे हसले. मीही हसलो, खोटे कशाला बोलू? त्यांनी तासभर शिकवले, आणि हा पायऱ्या उतरून, मूर्तींच्या रांगांमधून थेट रस्त्यापर्यंत गेला. चित्राला एक धक्का नाही. यंत्र उतरवल्यावर मात्र त्याने कॅमेरा पाटावर ठेवला आणि सवयीने नमस्कार केला.

इथवर तुम्हाला ठाऊक आहे. पुढचे फक्त मला आणि माझ्या बायकोला, सरूला.

पंधरा दिवसांपूर्वी त्या सिनेमावाल्या साहेबांचा मुंबईहून कारखान्यात फोन आला. नाथाला पाठवा, काम शिकवून कायमचा ठेवून घेतो. मी सांगितले, तो रोह्याला सासुरवाडीला गेलाय. नाथा तेव्हा माझ्या पाठीमागेच मूर्ती उचलत होता.

का सांगितले? गणपती दीड महिन्यावर, मोठ्या मूर्ती कोण हलवणार? घाबरलो, दुसरे काय! अध्यक्ष महोदय, चिठ्ठी मिळाली, आवरतोच. परवा पुन्हा फोन आला. सोमवारपर्यंत थांबतो म्हणाले. आज शनिवार. सरू म्हणाली, "तुमाला दुसरा माणूस गावंल. त्याला हा फोन परत नाय यायचा."

नाथा, खाली बघू नकोस. शालीच्या घडीत साहेबांचा पत्ता आणि नंबर आहे. उद्या पहाटेची एसटी पकड. मूर्तींचे मी बघतो. कसे, ते मला अजून कळलेले नाही.

सर्वांचे आभार. बोलण्यात काही उणे-अधिक झाले असेल तर सभेने पोटात घालावे, ही रीत. पण मी चूक केली ती सभेची नव्हे, नाथाची. ती पोटात घालायची की नाही, ते त्याने सांगावे. तोवर मी इथेच उभा आहे.