कारखान्यामागची मगर

नाही जावईबापू, खालच्या पायरीवर नको, वर बसा – मगर आहे तळ्यात. हसण्यावारी नेऊ नका. कारखान्यामागच्या खाऱ्या तळ्यात कुठली आलीय मगर, असं आम्हीही म्हणत होतो. पण चूक आमचीच. कोंबड्या कापून झाल्या की आतडी खड्ड्यात पुरायची असा नियम, आणि खड्डा पार त्या टोकाला – कोण जातंय, उभं राहून राहून पायांचे तुकडे पडलेले असतात – मग बादली इथंच पालथी. आधी बगळे आले, कौतुक वाटलं. मग घोरपडी. मग नाल्यातून ही बया आली, आणि आम्हीच तिला रोज जेवायला घालतोय याचा पत्ताच नाही. वॉचमनची कुत्री वासानं खाली उतरली होती, तिला डोळ्यांदेखत धरलं. एकदाच ओरडली बिचारी. मग गरागरा फिरवली पाण्यात, हाडं मोडल्याचा आवाज इथपर्यंत – आणि एवढं करून लगेच खाल्लं नाही हो, खाली दाबून ठेवली. वॉचमन रडत होता. मी नाही रडले. मी तुमचाच विचार करत होते.

तुमचा म्हणजे – आता विषय निघालाच आहे तर. पोरीच्या पाठीला काल मी तेल लावलं. पट्ट्याचं बकल उमटलंय, अख्खं, चौकोनी. म्हणते, दारावर आपटले. दाराला बकल असतं का? असतं का, सांगा ना. राहू दे, नका सांगू. मी दिवसभर माना कापते, मला जखम कळते. आणि मारून झालं की तुम्ही तिच्या पायाशी बसून रडता म्हणे – हेही तिनंच सांगितलं, वर कौतुकानं, मनानं वाईट नाहीत गं ते. मग? मन काय चाटायचंय? तुम्हाला इथं का बोलावलं, घरी का नाही – घरी तुमचा चेहरा दिसला की विरघळते ती. सकाळपासून बॅग भरून बसलीय, तुमची वाट बघत, म्हणून तर मी बाहेरून कुलूप घालून आलेय –

हे बोलायचं नव्हतं मला.

हसलात? हसलास तू. ऊठ. माझ्या कमरेच्या किल्लीकडे बघू नकोस, हातातल्या सुऱ्याकडे बघ, धार मीच लावते त्याला. ढकलायचं ठरवूनच इथं आणला होता तुला. वर बसवलं, कारण ऐन वेळी हात धजला नाही. आता धजेल. रड, रड, माझ्यापुढे चालत नाही ते. काय? किती दिवस कोंडणार तिला? माहीत नाही. शिव्याशाप देईल मला, तोंड बघणार नाही माझं. नको बघू दे. जिवंत राहून शिव्या देईल ना. जा तू.