गुरगुरायचं नाही

डॉक्टरबाई : थांबा, मला नीट समजू दे. या कुत्र्याला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचं, आणि त्याच बैठकीत पुढचं कुत्रं कुठल्या जातीचं घ्यायचं तेही मीच सांगायचं?

वडील : हो. पुन्हा रजा काढून यायला नको म्हणून. यादी आणलीय मी. सहा जाती आहेत. तुम्ही फक्त टिक करा.

डॉक्टरबाई : टिक करू?

वडील : लहान मुलं असलेल्या घराला सगळ्यात सुरक्षित जात कुठली, एवढंच. मुलगी सात वर्षांची, मुलगा तीन. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सगळं वर लिहिलंय.

डॉक्टरबाई : अहो, तुमची मुलगी बाहेर बाकड्यावर त्याच कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून बसलीय. तिला काय सांगून आणलंत?

वडील : लस द्यायचीय म्हणून.

डॉक्टरबाई : वा! शाब्बास!

वडील : तिच्याशिवाय तो गाडीत चढत नाही. मी काय करणार?

डॉक्टरबाई : आणि जाताना? ती रिकामा पट्टा हातात घेऊन गाडीत बसेल, तेव्हा काय सांगणार होतात?

वडील : ते माझं मी बघेन. डॉक्टर, तुम्ही मघापासून माझ्यावर चिडताय, पण इथे चिडायचा हक्क कुणाला असेल तर तो मला आहे. परवा दुपारी याने माझ्या पोराचा गाल फाडला. डोळ्याच्या खाली चार टाके पडलेत. अर्धा इंच वर लागलं असतं तर...

डॉक्टरबाई : कसा आहे आता तो?

वडील : आईला सोडत नाही. म्हणून ती घरी थांबलीय.

डॉक्टरबाई : वाईट झालं. खरंच वाईट झालं, आणि तुम्ही घाबरलात यात मला काही चूक वाटत नाही. पण तुमच्या या ढब्बूला हात लावण्याआधी एक सांगा. हा तुमच्याकडे आला कसा?

वडील : तक्ता करून. मी सुट्या भागांच्या कारखान्यात तपासनीस आहे. अठरा वर्षं झाली. माझ्या सहीशिवाय एक नट दाराबाहेर जात नाही. कुत्रंही मी तसंच निवडलं. बारा जाती, चौदा रकाने. स्वभाव, भुंकणं, केस गळणं, लाळ, मुलांशी वागणूक. प्रत्येक रकान्यात दहापैकी गुण. लॅब्राडोर पहिला आला. एकशे एकवीस.

डॉक्टरबाई : आणि ढब्बूला किती?

वडील : म्हणजे?

डॉक्टरबाई : लॅब्राडोरला एकशे एकवीस, ते कळलं. या ढब्बूला किती? त्याची आई पाहिलीत? बाप पाहिलात? दोघांच्या कमरेचे एक्स-रे मागितलेत?

वडील : जातिवंत असल्याचा कागद होता.

डॉक्टरबाई : जात म्हणजे आडनाव हो. तुम्ही काय आडनाव बघून जावई करणार?

वडील : बरेच लोक करतात.

डॉक्टरबाई : आणि त्यातले बरेच नंतर रडतात.

वडील : हसण्यावारी नेऊ नका. निवड चुकली, हे मी मान्य करतोय ना? मुलांच्या रकान्यात लॅब्राडोरला मी दहापैकी दहा दिले होते, ते आता चारवर आणलेत. नव्या बेरजेत गोल्डन रिट्रीव्हर वर जातो. त्याच्या खालोखाल बीगल, पण बीगल भुंकतो फार...

डॉक्टरबाई : एका ढब्बूपायी जगातल्या झाडून सगळ्या लॅब्राडोरांचे सहा-सहा गुण कापलेत?

वडील : आमच्याकडे एक तुकडा खराब निघाला की अख्खा खोका परत जातो.

डॉक्टरबाई : तुकडा! बरं. चावण्याआधी हा तुमचा तुकडा गुरगुरला होता का?

वडील : नाही! तेच तर दुखणं आहे. आवाज नाही, काही नाही, एकदम तोंडच घातलं. म्हणून तर म्हणतो, हा भरवशाचा नाही. त्यापेक्षा गुरगुरणारा कुत्रा परवडला.

डॉक्टरबाई : आधीही कधी गुरगुरला नव्हता?

वडील : गुरगुरायचा की. दोन-तीन महिन्यांपूर्वी सुरू झालं होतं. पोरगा जवळ गेला, अंगाशी आला, की गुर्र. पण ती सवय मी मोडून काढली.

डॉक्टरबाई : काय केलंत?

वडील : मोडून काढली. झाडांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली असते ना, ती घेतली. गुरगुरला की तोंडावर फवारा. पहिल्या आठवड्यात एकोणीस वेळा, दुसऱ्यात सहा, तिसऱ्यात शून्य. माझ्या बायकोला खरं वाटेना.

डॉक्टरबाई : अहो, हे काय करून बसलात तुम्ही!

वडील : शिस्त लावली.

डॉक्टरबाई : तुमच्या कारखान्यात यंत्र तापलं की काय होतं?

वडील : भोंगा वाजतो.

डॉक्टरबाई : आणि त्या भोंग्याने डोकं उठतं म्हणून एखाद्याने त्याची वायरच कापली तर?

वडील : कापली होती एकाने. त्याच दिवशी मी त्याला घरी पाठवला.

डॉक्टरबाई : मग?

वडील : मग काय?

डॉक्टरबाई : काही नाही. पोरीला आत बोलवा.

(दार उघडतं. मुलगी पट्टा धरून आत येते. तिच्यामागून ढब्बू, मागचे दोन्ही पाय एकदम टाकत.)

डॉक्टरबाई : ये गं. ढब्बूला टेबलावर नको चढवायला, मीच खाली बसते. आधी त्याला मुसकं घालू.

मुलगी : त्याने काही केलं नाही.

डॉक्टरबाई : ही शिक्षा नाही गं. तपासताना दुखलं तर तो चुकून तोंड घालेल, म्हणून. तू माझ्या मागे उभी राहा. हा असा सशासारखा कधीपासून चालतो?

वडील : पळतानासुद्धा तसंच करतो. पोरांना गंमत वाटते.

मुलगी : मला नाही वाटत.

डॉक्टरबाई : आणि जिना चढतो?

मुलगी : दुसऱ्या मजल्यावर थांबतो. खालीच बसतो. मग मीपण बसते. कुणी वरून उतरलं की सांगते, मी दमलेय.

वडील : हे तू मला कधी बोलली नाहीस.

डॉक्टरबाई : तिला नंतर विचारा. आता इकडे बघा. याच्या कमरेवर, इथे, मी बोट ठेवतेय. अगदी हलकं. काय दिसतंय?

वडील : काही नाही. गप्प आहे. दुखत नसणार.

डॉक्टरबाई : तोंडाकडे काय बघताय, पायाकडे बघा. थरथरतोय. मान फिरवली, बघा. ओठ चाटतोय, बघा. जीव चाललाय त्याचा, आणि तोंडातून आवाज नाही. तुम्हीच शिकवलंत ना? शून्य!

वडील : बास. बोट काढा. काढा म्हणतो ना!

मुलगी : तिथेच बसतो तो.

डॉक्टरबाई : कोण गं?

मुलगी : छोटू. घोडा घोडा खेळतो. तिथेच बसतो आणि टाचा मारतो. परवापण.

वडील : परवा तू तिथे होतीस?

मुलगी : हो. चित्र काढत होते.

वडील : आणि मला हाक मारली नाहीस? मी शेजारच्या खोलीत होतो! भावाचा डोळा गेला असता, कळतंय का तुला? एवढी मोठी झालीस आणि तोंड शिवून बसलीस?

मुलगी : आधी सांगितलं होतं. दोनदा.

वडील : कधी?

मुलगी : एकदा तुम्ही बूट काढत होता. आणि एकदा फोनवर होता. तुम्ही म्हणालात, चुगल्या करायच्या नाहीत. माझा तारा गेला. दोन्ही वेळेला.

डॉक्टरबाई : कसला तारा?

मुलगी : फ्रिजवर तक्ता लावलाय. दिवसभर ज्याने तक्रार केली नाही त्याला तारा. दहा झाले की पोहायला नेतात. माझी ओळ आहे, छोटूची आहे, ढब्बूचीपण आहे.

डॉक्टरबाई : ढब्बूचीपण?

मुलगी : गुरगुरला नाही की त्याला मिळतो. सगळ्यात जास्त त्याचे आहेत.

डॉक्टरबाई : घ्या! कुत्र्याने घरात पहिला नंबर काढला.

वडील : डॉक्टर, मुलीसमोर असं...

डॉक्टरबाई : मुलीसमोरच बोलणार! तीस वर्षं झाली मला या खोलीत. उपाशी ठेवलेली कुत्री पाहिली, काठीने मोडलेली पाहिली, बांधून विसरलेली पाहिली. पण इतक्या व्यवस्थित, इतक्या चांगल्या मनाने, तक्ता मांडून गप्प केलेलं कुत्रं मी आज पहिल्यांदा बघतेय. एका आठवड्यात एकोणीस वेळा त्याने तुम्हाला सांगितलं की मला दुखतंय, या पोराला उचला. एकोणीस वेळा! तुम्ही मोजलंत, लिहून ठेवलंत, आणि ऐकलं एकदाही नाहीत. वर तोच भरवशाचा नाही म्हणता? संताप येतो हो!

वडील : मला घरात शांतता हवी होती. एवढंच. दिवसभर कानात यंत्रं घणघणतात. घरात पाऊल टाकावं तर पोरगा हिची तक्रार घेऊन येतो, ही त्याची. मी कधी कुणावर हात उगारला नाही, डॉक्टर. माझा बाप कमरेच्या पट्ट्याने बोलायचा. मी ठरवलं होतं, माझ्या घरात असलं काही नाही. म्हणून तारे लावले. तारे वाईट आहेत का?

डॉक्टरबाई : तारे चांगलेच आहेत. तुम्ही ते कशासाठी दिलेत, ते वाईट आहे.

मुलगी : काकू, ती लस खूप दुखते का?

डॉक्टरबाई : कुठली गं?

मुलगी : ढब्बूला आज द्यायचीय ती. म्हणजे मी आधीच त्याचे कान धरते. त्याला बरं वाटतं.

डॉक्टरबाई : तुमच्याकडे बघतेय मी. याचं उत्तर तुम्ही द्यायचं.

वडील : लस नाहीये, बाळा. मी खोटं बोललो.

मुलगी : मग कशाला आणलं?

वडील : त्याला परत न्यायचं नाही म्हणून.

मुलगी : मग कुठे ठेवायचं?

वडील : कुठेच नाही.

मुलगी : म्हणजे मारायचं?

वडील : हो.

मुलगी : मी तिसऱ्यांदा सांगितलं असतं तर? मला सांगायचं होतं. पण नऊ तारे झाले होते.

डॉक्टरबाई : अगं नाही! बोला ना हो तिच्याशी!

वडील : चूक तुझी नाही. ऐकतेस का? अजिबात नाही. तू दोनदा सांगितलंस, एकदाच पुरे होतं. माझी चूक आहे. ढब्बूचीपण नाही. रडू नकोस. नाही, रड. रडायचं तर रड.

डॉक्टरबाई : डोळे पूस त्या रुमालाने. ढब्बूला आज कुणी काही करत नाही. मी करणार नाही आणि करूही देणार नाही. आता कामाचं बोलते. एक्स-रे काढल्याशिवाय छातीठोक सांगत नाही, पण कमरेचा सांधा खोबणीत नीट बसत नसावा. हे जन्मापासूनचं असतं, वजन वाढलं की दुखायला लागतं. औषधं आहेत. नाही भागलं तर शस्त्रक्रिया आहे. महिनाभर हा माझ्याकडे राहील.

वडील : आणि महिन्यानंतर? पुन्हा चावणार नाही, असं लिहून द्याल?

डॉक्टरबाई : नाही देणार. गोल्डनचं देणार नाही आणि बीगलचंही नाही. दुखऱ्या कमरेवर बसून टाचा मारल्या तर तुमच्या यादीतली एकूण एक जात चावेल. मीसुद्धा चावेन. घरात दोघांच्या मध्ये एक फाटक बसवा. मोठं माणूस हजर नसताना पोर आणि कुत्रं एका खोलीत नको, डोळ्याचं पातं लवेपर्यंतसुद्धा नको. जिना चढायला लावू नका, उचलून न्या. आणि गुरगुरला तर...

वडील : गुरगुरू द्यायचं.

डॉक्टरबाई : आणि लगेच पोराला उचलायचं. हे जमणार नसेल तर आत्ता सांगा. मी त्याला मुलं नसलेलं घर शोधते, मनात काही ठेवणार नाही. पण मग दुसरं कुत्रंही तुमच्या दारात येऊ देणार नाही. इथे कुत्री विकणारे सगळे मला ओळखतात.

वडील : तुम्ही मला धमकी देताय?

डॉक्टरबाई : गुरगुरतेय.

वडील : जमेल मला. म्हणजे, जमवतो. फाटक उद्याच बसवतो. पण आधी घरी विचारायला पाहिजे. सकाळी बायकोला मी काही विचारलंच नाही, नुसतं सांगून निघालो.

डॉक्टरबाई : काय म्हणाली मग ती?

वडील : दार लावून घेतलं.

डॉक्टरबाई : विचारा तिला. पोराला तिनेच मांडीवर धरलंय, तिला भीती वाटत असेल तर तेही ऐका. ढब्बू, चल बाबा, ऊठ. हळू. हळू रे.

मुलगी : मी येऊ त्याच्याबरोबर?

डॉक्टरबाई : एक्स-रेच्या खोलीत लहान मुलांना सोडत नाहीत. तू बाबांजवळ बस. अर्धा तास लागेल.

वडील : ये, इकडे ये. बस माझ्याजवळ. मला एक सांग. अजून काही आहे का, जे तू मला सांगितलं नाहीस?

मुलगी : तुम्ही रागावाल.

वडील : रागावेन कदाचित. पण उठून जाणार नाही. सगळं ऐकेन.

मुलगी : नक्की?

वडील : नक्की.

मुलगी : आधी आईचं सांगू, का माझं?