शुक्रवारची जीप

घुंऽऽ असा नाय, त्याच्याहून बारीक — कुणी दात खात यावं तसा आवाज व्हता तो. फौजेच्या जीपचा. कानातून अजून गेला नाय — तू साखळी खाली ठेव आधी, फारूख. ठेव म्हणतो ना. ट्रकवाला थांबेल, त्याला काय घाई हाय? बापाला जाऊन दोन म्हैने झाले अन् आज पुण्याहून ट्रक घेऊन आला — ‘कडूबाचाचा, अब्बा की जीप लेने आया.’ अब्बाची! अन् मी काय त्याच्या गॅरेजात नुसता पाने पुसणारा व्हतो?

पोलीस ॲक्शनच्या साली, निजामावर फौज आली तेव्हा, मी आठ वर्सांचा, तुझा बाप नूर धा वर्सांचा. करमाडला आमची घरं एकाच गल्लीत. जालना रोडनं जीपा आल्या, तो आवाज आला — आमच्या घरचे हार घेऊन रोडवर पळाले, तुमच्या घरचे बाजरीत पळाले. मी रोडवर नाचत नूरला हाका मारू राह्यलो, अन् नूर तिकडं बाजरीत, तोंडात सदऱ्याची बाही कोंबून पडलेला. तो पुढं मिस्त्री काहून झाला, सांगितलं का तुला कधी? नाय ना. मला सांगितलं. म्हणला, ‘तो आवाज एकदा माझ्या हातानं चालू करायचा, अन् माझ्या हातानं बंद करायचा. बस.’ म्हणून तर छावणीच्या लिलावातून ही आणली दोघांनी मिळून. ही म्हणजे काय — इंजिनात गांधीलमाशीचं पोळं, चेसी गंजलेली, एक चाक गायब. शुक्रवारी गॅरेज बंद. तो नमाज पढून यायचा, मी भाकरी आणायचो, अन् दिवसभर हा पत्रा घासायचा. चौदा वर्सं! तू कितींदा आला? दोनदा. त्यातबी एकदा फाटकातच उभा, बूट खराब होतील म्हणून.

हात नको लावू. नुसता रंग पाह्य. सीटखालचा मूळचा रंग खरवडून, नाकाशी धरून तुझ्या बापानं सात डब्यांतून जुळवला हा — नजर तेव्हाच चालली व्हती त्याची. शेवटची तीन वर्सं तर सगळं बोटांनीच. बोल्ट बोटांनी, तार बोटांनी. जिथं बोट पुरत नाय तिथं मला म्हणायचा, ‘कडू, तू देख के बोल.’ माझे डोळे हेच त्याचे डोळे, समजलं? तू कुठं व्हता तेव्हा? फोनवर! दर आइतवारी — अब्बा, पुण्याला चला, इथं मोठे डॉक्टर हायत. अन् तो म्हणायचा, गाडी चालू झाली की येतो बेटा. तुला वाटलं, म्हातारा बहाणे करतो. लोकांनाबी तू तेच सांगितलं — अब्बाला माझ्याकडं यायचंच नव्हतं! खोटं हाय ते. पेटी भरून खाटेखाली ठेवली व्हती त्यानं, या डोळ्यांनी पाह्यली मी. गाडी एकदा सुरू झाली असती, तर तो दुसऱ्या दिवशी तुझ्या दारात असता.

मग काय — नाय झाली सुरू. जुनी गाडी, नाय होत एखादी.

इंजिनाला काही झालं नव्हतं. तुझ्या बापानं बांधलेलं इंजिन, त्याला काय होतंय? करंट येत नव्हता. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीखाली दोन पॉइंट असतात, नखाएवढे. एकमेकाला टेकले पायजेत. मधी काही आलं की करंट मेला. तो हँडल मारून मारून घामाघूम व्हायचा, धापा टाकत म्हणायचा, ‘कडू, पॉइंट देख.’ मी टोपी काढायचो, पाहायचो, अन् म्हणायचो — साफ हायत.

बिडीच्या बंडलाचा कागद. एवढासा. गुरुवारी सांजच्याला पॉइंटांच्या मधी सारून ठेवायचो.

काहून म्हणजे? तुझी चाची सारजाबाई गेल्यापासून माझ्या घरात कोण हाय बोलायला? तुला बायको हाय, लेकरं हायत, कंपनी हाय. मला एक शुक्रवार व्हता — तोबी तू पुण्याला नेणार व्हता! मी म्हणलं, एक म्हैना राहू दे. मग म्हणलं, दिवाळी होऊ दे. मग उन्हाळा. कागद मऊ पडला की दुसरा घालायचो. तीन वर्सं... पुण्याचे ते डॉक्टर काय म्हणले असते रे त्याच्या डोळ्यांना? इलाज व्हता? — नको, नको सांगू.

शेवटच्या शुक्रवारी हँडल मारून तो खाली बसला. हसला, म्हणला, ‘ही मला घाबरते रे कडू.’ तेव्हाबी सांगता आलं असतं. मी च्या गाळत व्हतो.

असं काय पाहतो? ने जीप. घेऊन जा, मी अडवत नाय. मीच ढकलू लागतो, चल — अरे, तिकडं कुठं? पाठ काहून फिरवली? फारूख, ट्रक रिकामा नेतो का? पोरा, निदान वळून एक शिवी तरी —