गोड्या पाण्यातले पेडवे

आधी बीबी जोखाचं नाव घेते, मग माझं सांगते. ती नसती तर मला कधीच परत धाडलं असतं आन् माझ्या पोरी मामाच्या दारात अर्धपोटी वाढल्या असत्या.

मी रत्नागिरीकडची, खारव्याची. पाचवीत शाळा सुटली. नवरा होडीबरोबर गेला तो आलाच नाय, म्हणून पोरी आई-भावाकडं ठेवून बहारीनला आले, अरादला एका घरात म्हातारी सांभाळायला. तीच बीबी. मूळची मस्कतकडची, पण जन्म आफ्रिकेत, समुद्राएवढ्या मोठ्या तळ्याच्या काठी. तिकडं मारामाऱ्या झाल्या, दोन लेक गेले, उरलेल्या लेकाबरोबर इकडं आली. तिकडं गुजराती दुकानांत हिंदी शिकलेली, म्हणून आमचं जमलं.

काय सांगू तुम्हाला, ती जेवायचीच नाय. डॉक्टरनं मीठ तोडलेलं. फक्त तळ्यातली सुकी मासळी खायची, बिनमिठाची, उन्हात वाळवलेली, कुणी नातेवाईक आला की डबा यायचा. करंगळीएवढी, चांदीसारखी, अगदी आमच्या समुद्रातले पेडवे. मी म्हटलं, बीबी, पेडवे गोड्या पाण्यात जगतील कसे? म्हटलान, मी तळ्याबाहेर जगते ना, तसेच.

मग नातेवाईक यायचे थांबले. डबा संपला. बीबीनं भिंतीकडं तोंड केलान. सून म्हणाली, ही खात नाय तर तुझं काय काम? खलास, व्हिसा कॅन्सल. मी बाजारातनं समुद्राचे सुके पेडवे आणले, डोकी मोडली, तांदळाच्या धुवणात भिजत घातले, खारटपणा जाईस्तोवर पाणी बदलत राहिले. ताटली पुढं केली तर सून दारात. डबा रिकामा, मग ही कुठली? मीठ चारून मारत्येस काय हिला?

बीबीनं एक पेडवा तोंडात टाकलान. चावत राहिली, माझ्याकडं बघत राहिली. मग म्हटलान, माझ्या तळ्याची आहे, मीच उशीखाली ठेवलेली. सून गेली तशी माझा कान धरलान. चोरटे, आणखी एक पाणी बदल.

डोळे मिटेपर्यंत तेच खाल्लान, कुणाला सांगितलान नाय.

आता मी बहारीनातच, हूऱ्याला दुसऱ्या घरी आहे, पोरी शाळेत जातात. ते तळं कुठल्या देशात, मला नकाशात दावता येणार नाय. पण तिकडनं येणारा कुणीतरी भेटेल, बाटलीभर पाणी मागवीन आन् बीबीच्या मातीवर ओतीन. मला आत सोडलं नाय तर कबरस्तानाच्या भिंतीवरनं ओतीन, पण ओतीन.