तिसरा हात वाळूचा

—नाही, पहिल्यापासून घरापुढचा हा लाकडी डेक असा नव्हता, पण ते मी तुम्हाला सांगायचं नाहीये. तसं बजावलंय मला. आईनं नाही, आईनं फक्त एवढंच सांगितलं की ब्रिटा, जुनोहून विमानानं एक बाई येतील, आजोबा या घरात राहू शकतात का ते बघायला, त्यांना पायऱ्या मोजताना टेपचं टोक धर आणि तोंड मिटून उभी राहा. ते मला जमतं. तोंड मिटून राहण्याचं बक्षीस असतं तर आमच्या शाळेत दर वर्षी मलाच मिळालं असतं. 'सांगू नकोस' म्हणणारा माणूस वेगळा आहे— जाऊ दे. साडेसात इंच ना? पुढची पण साडेसातच भरेल, त्याच्या पुढचीही, आजोबांनी स्वतः बांधल्यात. पण मोजा तुम्ही, सरकारी काम आहे, माझ्या शब्दावर कसं चालेल.

तिथे नका उभ्या राहू, मिसेस ड्रिस्कॉल. नाही, त्या पायपुसण्यावर तर अजिबात नको, ते पायपुसणं नाहीये, स्पंज आहे, गेल्या आठवड्यातला पाऊस अजून त्याच्यात आहे. इकडे या, कठड्याला धरून. हां. सुंदर दिसतो ना? सगळे हेच म्हणतात. ढगसुद्धा दिसतात बघा फळ्यांत. खास बोटीचं व्हार्निश आहे, सगळ्यात महागाचं, कारण आईनं मासिकात एक डेक बघितला होता, कॅलिफोर्नियातला— तिथे पाऊस पडतो का मला माहीत नाही, पण आमच्या बेटावर पडतो, हे आईला माहीत असायला हरकत नव्हती, जन्म इथेच गेलाय तिचा. कुंड्या बघितल्यात ना? फुलं मेली सगळी. दिव्यांची माळ आहे, ती लावता येत नाही, ओली असते. आणि ती 'या, बसा' लिहिलेली पाटी. बसायला येतातच इथे लोक, पण थेट फळीवरच.

आधी काय होतं? जाळं होतं. मासेमारीचं जुनं जाळं, सगळ्या डेकवर ताणून खिळे मारलेलं, पायऱ्यांवर पण. इथे जुन्या घरांत तसंच करतात, तुम्हाला धक्क्यावर दिसलं असेल, बोटीत चढायच्या फळीवरही असतं— फळी कितीही बुळबुळीत झाली, शेवाळ आलं, वर बर्फ पडलं, तरी गाठींवर पाय बसतो. आजोबा दर शरदात फाटलेला तुकडा काढून नवा लावायचे. म्हणजे नवा कसला, तोही जुनाच, हेरिंग मासळीचा वास असलेला. दिसायला भयानक होतं, ते मी नाकारत नाही. आई म्हणायची, बाबा, आपण घरात राहतो की मासे वाळवायच्या मांडवात? आणि आजोबा म्हणायचे, करीन, या मांडवावर चाळीस वर्षांत कोणाचं हाडही मोडलं नाही. मग आई म्हणायची की कौतुक आहे. असं दर रविवारी, जेवणाच्या जरा आधी.

तर मे महिन्याच्या सुरुवातीला आजोबा डोळ्याच्या ऑपरेशनला सिअॅटलला गेले, आणि आईनं ठरवलं की त्यांना आश्चर्याचा धक्का द्यायचा. दिलाच म्हणायचा, थोडा उशिरा लागला एवढंच. पाच दिवसांत जाळं उचकटलं, मीच उचकटलं, हे बघा बोटावर अजून वण आहे— फळ्या घासल्या, वाळवायला घरातला हीटर बाहेर आणला, आणि व्हार्निशचे दोन हात मारले. आजोबा आले, एका डोळ्यावर झाकण, खाली रस्त्यावरूनच मान वर करून बघितलं. मग म्हणाले, झकास झालीय बोट. पाण्यात कधी सोडायची? आईला ते कळलं नाही, किंवा कळलं, पण ती म्हणाली, थँक्यू, बाबा.

तुम्ही ते सगळं लिहू नका हं, हे काही तुमच्या फॉर्मातलं नाहीये. तुमच्या फॉर्मात काय आहे ते मला माहीत आहे, आई फोनवर वाचून दाखवत होती कर्ट मामाला. 'पडण्याचं कारण : तोल जाणे.' कर्ट मामा अॅरिझोनात राहतो, तिथल्या डेकवर पाली सोडून कोणी घसरत नाही, त्यामुळे त्याचा या विषयाचा अभ्यास मोठा आहे. आधी म्हणाला, खरखरीत पट्ट्या चिकटवा. चिकटवल्या. चिकटवायला फळी कोरडी लागते, असं पाकिटावर लिहिलंय, आम्हाला जूनमध्ये एक अख्खी दुपार मिळाली. चौथ्या दिवशी डोमकावळ्यांनी एकेक पट्टी सोलून नेली, ते समोरच्या छपरावर बसून ओढाओढी खेळत होते. मग रबरी चटई. खालून शेवाळ आलं, आता चटईच घसरते, निदान एकटं पडायला नको. मग मामा म्हणाला की डेक सुरक्षित करणं अवघड आहे, त्यापेक्षा बाबांनाच हलवू. जुनोतल्या त्या वृद्धाश्रमात. पुढच्या एक तारखेपासून खोली ठेवलीय, तुम्ही 'तोल' वर सही केलीत की झालं. खिडकीतून गाड्यांचा तळ दिसतो, मी चित्र बघितलंय. आजोबा आवाजावरून बोट ओळखतात, आता गाड्या ओळखायला शिकतील, वय काय, फक्त एकोणऐंशी—

अहो— धरा, कठडा धरा. धरलंय मी, सोडत नाही. सावकाश. पाय आत घ्या. लागलं नाही ना? टेप जाऊ दे खाली, टेपला काही होत नाही.

बसा या पायरीवर थोडा वेळ. ओली आहे, पण आता तुम्हीही ओल्या आहात. मिसेस ड्रिस्कॉल, राग मानू नका, पण तुमचं वय किती? पंचेचाळीस? बूट पण चांगले दिसतात, खास पावसाळी. मग तुमचा पण तोल गेलेला दिसतोय. जुनोत खोली मिळते, गाड्यांच्या तळासमोर.

सॉरी. मी असं बोलत नाही कधी. हसलात ते बरं झालं.

आजोबा कसे पडले ते सांगते, तेवढं सांगायला हरकत नाही. आजोबांची बोट होती, रॅग्नहिल्ड, आजीचं नाव. डुएनला विकली. डुएन रोज सकाळी ती घेऊन ह्या खाडीतून बाहेर जाताना आमच्या घरासमोर भोंगा देतो, आणि आजोबा इथे, बरोबर त्या कोपऱ्यात, कठड्याशी येऊन हात वर करतात. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले होते, वारा लागू देऊ नका, आणि आईनं त्याचा कायदा केला— चार आठवडे घराबाहेर पाऊल नाही. सतरा मेला इथे पूर्वजांच्या देशाचा सण असतो, त्याची मिरवणूकसुद्धा काचेतून. डुएन भोंगा द्यायचा आणि आजोबा आतून हात करायचे, त्याला काय दिसणार. तर ज्या दिवशी कायदा संपला त्या दिवशी सकाळी पाऊस, भोंगा वाजला, आणि आजोबा दार उघडून सरळ चालत निघाले. एका हातात कॉफीचा मग, दुसरा हात वर. कठडा धरला नाही. आई म्हणते, बघा, निष्काळजी. पन्नास वर्षं ओल्या बोटीवर काढलेला माणूस निष्काळजी नसतो, मिसेस ड्रिस्कॉल. ते तसे चालले, कारण त्यांना वाटलं की पायाखाली वाळू आहे.

आता बोललेच आहे तर.

दोनच हात झाले होते ना व्हार्निशचे. तिसरा आईनं माझ्यावर सोपवला होता. आजोबांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि कॉफीचा एक डबा दिला, पत्र्याचा. आत वाळू, ओढ्याच्या तोंडावरची, धुतलेली, चुलीवर वाळवलेली, आजीच्या पिठाच्या चाळणीनं चाळलेली. म्हणाले, बोटीवर असंच करतात, तिसरा हात ओला असतानाच ही वरून भुरभुरायची, सगळीकडे सारखी. तुझ्या आईला लांबून चमकच दिसेल. पायाला मात्र कळेल. गुडघे वाकत असते तर मी तुला सांगितलं नसतं.

मी तिसरा हात मारला. डबा उघडला. आणि बघितलं तर फळ्यांत ढग दिसत होते, आणि ते समोरचं बेट, आणि आई दारात फोन घेऊन फोटो काढत होती, म्हणाली, ब्रिटा, जन्मात पहिल्यांदा ह्या घराला माशांचा वास येत नाहीये. आणि सतरा मेला माझ्या वर्गातल्या मुली येणार होत्या. माझ्याकडे कधी कोणी येत नाही, तुम्हाला कळलंच असेल का ते. लीना म्हणाली होती, तुमच्या डेकवर फोटो काढू, मिरवणुकीच्या कपड्यात. मी डबा बंद केला. त्या आल्या, अकरा मिनिटं थांबल्या. फोटोत मी नाहीये, फोटो मीच काढले.

आजोबांनी विचारलं, टाकलीस? मी म्हटलं, हो. एवढंच. त्यांनी परत विचारलं नाही, कुणाला बघायला पाठवलं नाही. बोटीवर तसंच असतं— खलाशाला काम सांगितलं आणि तो 'हो' म्हणाला की झालं, मागे वळून बघायचं नाही, नाहीतर बोट चालणारच नाही, असं ते म्हणतात. आणि पडल्यावर, मनगट तसं वाकडं झालेलं, दोन बरगड्या मोडलेल्या, ते ओरडले नाहीत. दुसऱ्या हाताचा तळवा फळीवरून फिरवला. हळूहळू, असा. मी मोजे घालून दारात उभी होते. माझ्याकडे बघितलं. मग आई धावत आली, तर म्हणाले, वय झालं, करीन, तोल गेला. दवाखान्यातही तेच. मला बाजूला घेऊन म्हणाले, कुणीही विचारलं तरी गप्प राहायचं, पोरी, तुला अजून या घरात राहायचंय, माझं राहून झालंय.

तुम्ही बसलाय ना, तिथेच खाली, जळणाच्या लाकडांच्या मागे हात घाला. अजून आत. हां, तोच डबा. धरा हातात. जड आहे ना? रिकामा असायला हवा होता.

ह्याला तुमच्या फॉर्मात कुठला रकाना आहे? नसेल तर ते 'तोल' खोडा, पेन चालेल, आणि बाजूला लिहा की फळी. जाळं मी परत लावीन, धक्क्यावर ढीग पडलाय, आई काय म्हणायचं ते म्हणू दे, दर रविवारी म्हणू दे, पण माणूस तर हवा ना समोर म्हणायला— काय? नाही, आईची हाक नाही ती. आई असती तर मी थांबलेही नसते. स्वयंपाकघराची खिडकी मघापासून उघडीच होती का?

आले, आजोबा. काही नाही, मोजतोय आम्ही. आले म्हटलं ना. —मिसेस ड्रिस्कॉल, लिहा तुम्ही, लवकर लिहा, त्यांचा तोल ठीक आहे, वाळू नव्हती, आणि वाळू नव्हती कारण मी—