करवंटीचा कोळसा

— नाही, बसा तुम्ही, मी कुठे उठा म्हणते? मी एवढंच म्हटलं, की कॉलेजातून आलेला माणूस आधी विचारतो अस्मिता घरात आहे का, आणि तुम्ही दारातच विचारलंत, अस्मिता घरात नाही ना. फरक आहे का नाही? आहे. असू दे, चहा टाकलाय, घेऊन जा. कॉलेजच्या अंकात तिच्यावर छापायचंय म्हणता — छापा, आई शीला, कात्रपच्या दवाखान्यात आया, घ्या लिहून — पण तुम्ही तर खिशातलं पेनसुद्धा काढलं नाही. आणि ती बरणी आहे तिथे ठेवा. उघडू नका. कोळसा आहे तो, नारळाच्या करवंटीचा, त्यात लपवण्यासारखं काही नाही — म्हणजे आहे, पण ते डोळ्यांना दिसत नाही.

आतून खोकला ऐकू आला तर दचकू नका, आमचे हे आहेत. मिलिंद नाव ह्यांचं, अस्मिताचे पप्पा. अंबरनाथला पितळी नळांच्या कारखान्यात होते — नाव नाही घेत मी, तुम्हाला कशाला हवंय ते? नळ चकाकायला हवा म्हणून तेजाबात बुडवतात, नायट्रिक, आणि बुडवला की विटकरी धूर उठतो, तो ओढून घ्यायला टाकीवर पंखा असतो. त्या दिवशी पंखा बंद होता. का बंद होता? बिघडला म्हणाले. दुसऱ्या दिवशी तोच पंखा कोणी हात न लावता फिरायला लागला, मग बिघडलं होतं काय? हे दुपारी घरी आले — तेव्हा आम्ही मांजर्लीला राहायचो — घसा खवखवतो म्हणाले, जेवले, पेपर वाचला, आणि दिवस मावळेपर्यंत ओठ निळे. हा धूर असाच दगाबाज, लगेच नाही धरत, आधी सोडून देतो. छातीत पाणी झालं. वाचले, पण आता जिना चढायचा तर मध्येच पायरीवर बसावं लागतं. आणि कारखान्याने काय सांगितलं सगळ्यांना? विडीने झालं. ज्या माणसाने कधी सुपारी चघळली नाही, त्याला विडीने झालं.

अस्मिता तेव्हा बीएस्सीला होती. रडली नाही पोरगी. एमआयडीसीच्या चिमण्यांवर संध्याकाळी तो रंग दिसला की तिला वाटायचं, पप्पांच्या छातीत गेला तो हाच, आणि आताही कोणाच्या तरी जातोय. मी म्हणत होते बँकेची परीक्षा दे — खरं सांगते, मीच मागे लागले होते, मला ह्या धुराचं नाव घरात नको होतं. पण तिने पुढे शिकून हा धूर मारायचंच काम धरलं. म्हणजे काय, तर धुरात थोडा अमोनिया सोडायचा, आणि दोघांनी मिळून साधी हवा नि वाफ होऊन बाहेर पडायचं. पण ते आपसूक थोडेच जमतात? मध्यस्थ लागतो, लग्न जमवणाऱ्यासारखा. तो मध्यस्थ म्हणजे धातू, मँगनीज आणि आणखी एक, त्याचं नाव माझ्या तोंडात बसत नाही — बसलं तरी तुम्हाला नसतं सांगितलं — आणि धातूला बसायला जागा लागते, ती जागा हा कोळसा. त्याला आतून इतकी भोकं असतात, की चिमूटभर कोळशात अख्खं बदलापूर मावेल, असं ती म्हणते. मोठ्या कंपन्यांचं धुरावरचं औषध फार तापवावं लागतं, लहान कारखान्यांना ते परवडत नाही, म्हणून हिचं कमी तापावर चालावं ही धडपड.

चालत नव्हतं. धातू कोळशावर पसरेचना, गुठळ्या धरायचा, आणि हवा दमट झाली की धूर तसाच पार निघून जायचा. उपाय तिला कळला होता — कोळसा आधी नायट्रिकमध्ये उकळायचा, की त्याला धातू धरून ठेवायला जणू हात फुटतात. तेच तेजाब हो. प्रयोगशाळेतल्या काचेच्या कपाटाआड पहिल्यांदा तो विटकरी धूर उठला, तशी ही बर्नर बंद करून घरी आली. असं कितीदा तरी झालं, मला सांगेना, कॉलेजातल्या तिच्या सरांना सांगेना. शेवटी ह्यांनीच ओळखलं. जवळ बसवून म्हणाले, "बाळा, तेजाबावर कशाला राग धरतेस? त्याने त्याचं काम केलं. पंखा ज्याने बंद केला, त्याने त्याचं केलं नाही." एवढं बोलायला त्यांना तीनदा थांबावं लागलं. दुसऱ्या दिवशी गेली आणि उकळला तिने. आणि जमलं. खूप जमलं, सर स्वतः पेढे घेऊन आले होते — तुम्ही कॉलेजातले ना, मग सरांचं नाव काय? बरं, राहू दे. प्या चहा.

मग ही वेडी कुठे गेली असेल ते लावायला? पप्पांच्याच कारखान्यात. मी नको म्हटलं. तर म्हणे, आई, त्या टाकीवर आजही माणसं उभी आहेत. त्यांनी हो म्हटलं, कॉलेजचं नाव होतं ना, आणि फुकटात होतं. नळीत कोळसा भरला, पुढे छोटा हीटर, आणि त्याच्या ताप वाढवायच्या काट्याशी हिने स्वतः लाल रेघ मारली — ह्याच्या पुढे न्यायचं नाही, कोळसाच तो, फार तापला तर पेटणार. चिमणीच्या तोंडावरचा रंग गेला हो. कामगार बाहेर येऊन वर बघत उभे राहिले. पण धूर मोजायचं यंत्रही लावलं होतं ना, त्यामुळे आधी किती सोडत होते तेही दिसायला लागलं. ते कोणाला आवडेल? एका दुपारी ही जेवायला गेली आणि काटा रेघेच्या पार पुढे. सगळा कोळसा पेटला, नळी लालबुंद. पोरीने कारखाना जाळला असता, अशी त्यांनी बोंब मारली, कॉलेजने हात झटकले. काटा आपोआप फिरतो का? तुम्ही सांगा. मी विचारते आहे आणि तुम्ही कपात बघताय.

पण बंद नाही पडलं काही. विठ्ठलवाडीच्या पलीकडे मुकेश सेठ आहेत, त्यांचं लहानसं प्लेटिंगचं, मुलाम्याचं काम आहे, तिथेही हाच धूर, त्यांनी बेटी बेटी करून जागा दिली, आणि अख्खा पावसाळा ह्याच कोळशाने काढला, रंग म्हणून नाही वर, आता प्रदूषण बोर्डाचे लोक बघून गेले — आज तिथेच गेलीय ती —

हे मी तुम्हाला कशाला सांगितलं?

तुम्ही आहात कोण? नाही, कॉलेज राहू दे. — हं. — हं. — ह्यांच्याच कारखान्यातून. वाटलंच. बोला, आता पुरतं बोला. — बोर्डाची नोटीस आलीय. धूर थांबवला नाही तर कुलूप. — म्हणून कोळसा पाहिजे.

थांबा, आतून हाक आली. ...

ऐकलं ह्यांनी सगळं. देऊन टाकायला सांग म्हणतात, तिथे आपली माणसं आहेत. तिच्या जागी मी असते तर करवंटीचा तुकडासुद्धा दिला नसता. पण मी काही अस्मिता नाही, आणि ती नाही म्हणायची नाही, पण काटा कोणी फिरवला हे आधी विचारेल, म्हणूनच तुम्ही ती नसताना आलात, कोळशाचं माझ्या तोंडून काढून घ्यायला.

रविवारी असते ती घरी. त्या दिवशी या, आणि तुमच्या खऱ्या नावाने या. कोळशाचं नंतर. आधी ह्यांच्यासमोर उभं राहून सांगायचं, पंखा कोणी बंद केला आणि काटा कोणी फिरवला. नुसतं बिघडला म्हणालात, तर याच दारातून परत.

राहू दे तो चहा. उठा.